तार

बातुमीच्या बंदरामागे, चाव्या बनवणाऱ्याच्या शेजारी
माझा स्टुडिओ: पांढरा पडदा, फिरतं स्टूल, दोन दिवे.
पासपोर्टचे फोटो दहा मिनिटांत.

ओतियाचा फोटो मात्र मी हौसेने काढला होता.
लावे समुद्रावरून दमून येतात तो महिना,
गच्चीवर तो, नुसत्या बनियनवर,
मुठीवर ससाणा.
दोघांच्या मानेला एकच वळण
आणि दोघांच्या डोक्यावरून गेलेली विजेची तार.

तार मी पुसली.
स्पर्धेच्या नियमावलीत अकरावं कलम होतं प्रामाणिकपणाचं
आणि बारावं शुल्काचं:
एका फोटोला पस्तीस युरो, तिघांना नव्वद.
अकरावं मी भरभर वाचलं,
बारावं दोनदा.
शेवटची तारीख तीन वेळा शेवटची झाली.

मग रात्री दोनला पत्र आलं.
अभिनंदन. कांस्य.
फ्रिजचा उजेड तोंडावर घेऊन
मी स्वयंपाकघरात अनवाणी उभी राहिले
आणि खरं सांगते, रडले.

सकाळी यादी उघडली.
कांस्यवाले सहाशे बारा.
बोटाने सरकवत राहिले, चहा गार झाला,
मासे, भिक्षू, धुकं, कुणाची तरी सुरकुतलेली आजी,
पुन्हा धुकं,
आणि मी, नावाचं स्पेलिंग चुकवून.
मानचिन्ह हवं असल्यास एकशे ऐंशी युरो,
टपालखर्च वेगळा, समारंभातलं ताट वेगळं.
नाव सोनूबाई, आणि हातातला कथलाचा वाळासुद्धा
आपला आपणच विकत घ्यायचा.

परीक्षक छत्तीस.
त्यातल्या एकाला, ल्युब्लियानातल्या, मी लिहिलं:
तुम्हाला माझ्या फोटोत काय आवडलं?
त्याने सभ्यपणे दोन ओळींत कळवलं
की आपण परीक्षक आहोत हे आपल्याला आत्ताच समजतंय.
फोटो पाठवलात तर बघेन, असंही.
मी पाठवला नाही.

ओतियाने विचारलं, पहिला कोण आला?
म्हटलं, पहिले सतरा आहेत.
तो हसला नाही. फोटो हातभर लांब धरला,
चष्मा कपाळावर सरकवला.
"तार कुठे गेली?"
काढली. स्वच्छ दिसतं.
"अगं, सोडला की तो त्या तारेवर जाऊन बसतो.
आता कुठे बसेल?"

दुपारी त्सिउरी आली.
पलीकडे तुर्कस्तानात, चहा खुडायला निघाली होती.
स्टुलावर बसून केस मागे सारत म्हणाली,
हनुवटीवरचा तीळ काढता येईल?
म्हटलं, या फोटोत काही काढता येत नाही, बाई.
सार्पीच्या नाक्यावर काचेमागे एक जण बसलेला असतो.
तो फोटोकडे बघतो, मग तुझ्याकडे,
मग पुन्हा फोटोकडे,
मागे रांग कितीही खोळंबलेली असो.
तीळ शोधतो तो. सापडला की
शिक्का मारतो. शिक्क्यावर फक्त तारीख असते.
"एवढं बघतो?" ती म्हणाली,
आणि जरा ताठ बसली.

संध्याकाळी मूळ फाइल शोधली, तारेसकट छापली.
कागद बाहेर येत असताना पत्र आलं:
मुदत वाढवली आहे, पूर्वविजेत्यांना वीस टक्के सूट.
मी ते वाचलं. खोटं कशाला बोलू,
सूट जाऊन किती पडतात तेही काढून पाहिलं.
मग दिवे घालवले
आणि ओतियाचा जिना चढले, प्रिंट अजून उबदार.

गच्चीवर तो एकटाच, लाव्यांची पिसं काढत.
ससाणा मुठीवर नव्हता.
मी वर बघितलं.