मनगटापर्यंत

कोलशेतच्या बंद कारखान्यात आता
प्लायवूडचा इतिहास उभा करतात.
जिथे बाबा काच फुंकायचे
तिथे माझी मेकअपची खोली, बारा बल्बांचा आरसा,
आणि खोक्यात बेसच्या ट्यूबा, एक ते नऊ.

मालिका शास्त्रज्ञांची. साल एकसष्ट.
शास्त्रज्ञांना शेड दोन, फार तर तीन.
आठ आणि नऊ हमालांना,
चहावाल्या पोऱ्याला, फरशी पुसणारीला.
हे कुठे लिहिलेलं नाही.
बावीस वर्षं माझ्या बोटांना पाठ आहे.

नायिका संहितेत सुमती.
खरी होती सिमहा. सिमहा अष्टमकर.
टेंभी नाक्याहून सायकलवर यायची,
शुक्रवारी ऊन कलायच्या आत परत.
शनिवारी तिच्या नोंदवहीवर बाबा
धुतलेलं फडकं घालून ठेवत,
मळलेल्या कणकेवर घालावं तसं.
लेखक म्हणाला, सिमहा म्हटलं की लोक अडखळतील,
सुमती कशी घरातली वाटते.
कुणाच्या घरातली, मी विचारलं नाही.
मला शिफ्टवर पैसे मिळतात.

बाबा संहितेत नाहीत.
पान चाळीसवर काच फुटल्याचा आवाज आहे,
तेवढे बहुतेक तेच.

दुपारी गाडी अडली ब्युरेटवर.
नायिका तोटी पिरगाळायची न्हाणीघरातल्या नळासारखी,
धार लागायची, गुलाबी पाणी टेबलभर.
सातव्या टेकला माझ्या तोंडून गेलं:
डावा हात मागून वळसा घालून आणा,
तोटी तळव्यात येऊ द्या,
उजव्याने चंबू फिरवा, ताक घुसळल्यासारखा नको,
तान्ह्याला हलवावं तसा.
सगळे माझ्याकडे बघायला लागले.
दिग्दर्शक म्हणाला, ताई, तुमचाच हात घेऊ.
क्लोजअप आहे, चेहऱ्याचा प्रश्न नाही.
फक्त जरा मॅच करा.

मग मी आरशासमोर बसले
आणि आयुष्यात पहिल्यांदा
शेड तीन स्वतःला लावली.
मनगटापर्यंतच, पुढे बाही होती.
बोटांच्या पेरांवर ती नीट बसेना,
नखांच्या कडेला काळसर रेघ राहिली,
ती दोनदा पुसली.
अंगठ्याखाली एक डाग आहे, चिंचोक्याएवढा.
गरम काच आणि गार काच
दिसायला सारखीच, बाबा सांगायचे;
सातव्या वर्षी ते मी हात लावून तपासलं होतं.
डागावर ट्यूब नेली.
पिळली नाही.

लाइट. कॅमेरा.
एक थेंब. थांबायचं. एक थेंब.
रंग उडाला की चंबू फिरवायचा, पुन्हा एक.
सेटवर कुणी श्वास घेत नव्हतं
आणि मला शाईत न्हालेल्या सायकलवालीची बोटं दिसत होती,
जी मी कधी पाहिलीच नाहीत.
मग पाणी हलकेच गुलाबी झालं आणि तसंच राहिलं.
मॉनिटरमागून आवाज आला, ओके, सुमतीचा हात झाला.

बेसिनमध्ये साबण लावला तर
पाणी दुधासारखं जात राहिलं, बराच वेळ.

चार सेकंद दाखवला परवा, जाहिरातीआधी.
आई चष्मा न लावता बघत होती, मी काही बोलले नव्हते.
कितीतरी वेळानं, जाहिरात संपत आल्यावर,
ती पडद्याकडेच बघत म्हणाली,
यो हात तुजा हाय.
आणि मग थोड्या वेळानं,
नली बेस धरलीस गो.