बेचाळीस वेढे

तीन एचपीच्या मोटारीत एका कॉइलला बेचाळीस वेढे,
अशा अठरा कॉइली.
एवढंच माझं काम, आणि एवढंच मला मोजता येत नाही.

सत्ताविसापर्यंत बरं चालतं.
अठ्ठाविसाव्याला रस्त्यावरून फुटक्या सायलेन्सरची गाडी जाते,
मी तिच्यामागे मनानेच नागभीडपर्यंत जाऊन येतो,
येताना आठवतं, गॅसचा नंबर लावायचा राहिला,
आणि तांबं हातात तसंच.
बोटांना विचारतो, किती झाले?
बोटं एकमेकांकडे बघतात.

बाबा म्हणायचे, भैताड.
मास्तर म्हणायचे, डोकं आहे, वापरत नाही.
वनमाला काही म्हणत नाही.
चप्पल, चावी, मोबाइल
दारात एका ओळीत मांडून ठेवते,
पंगतीत पानं मांडावीत तसे.

एकेचाळिसाव्या वर्षी चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाईंनी
एक नाव सांगितलं. एडीएचडी.
चिठ्ठी मी बसमध्येच विसरलो,
नाव मात्र सोबत घरी आलं.
बाई म्हणाल्या, "आळस नाही हो हा.
मजूर ढीगभर आहेत तुमच्या डोक्यात,
मुकादम तेवढा सुटीवर असतो.
त्याला डोक्याबाहेर ठेवून बघा, दिसेल असा."

मी दोन वाट्या ठेवल्या, एकीत लाखोळी.
दहा वेढे झाले की एक दाणा इकडून तिकडे.
चार दाणे, वर दोन वेढे, गाठ.
रात्री वनमालेला दाखवलं,
पोराने प्रगतिपुस्तक दाखवावं तसं.

मग भाची आली, त्रिवेणी. अकरावीत.
प्रॅक्टिकलची वही जूनपासून कोरी.
म्हणे, "मामा, सुरू कर म्हटलं ना,
का आत कोनीतरी खाटेवर आडवं होते."
मला हसू आलं. त्या खाटेला मी ओळखतो,
तिची सुंभ माझ्याच पाठीने सैल झालीय.
म्हटलं, "सुरू नको करू. वही फक्त पिशवीतून काढ."
तिने काढली. वही दिवसभर टेबलावर पडून राहिली.
तेही काही कमी नव्हतं.

रोवण्याच्या ऐन दिवसांत डोमाजींची मोटार जळली.
बोडीत पाणी, बांधी कोरडी,
परे पिवळे पडायला लागलेले.
संध्याकाळपर्यंत देतो म्हणालो.
वेळ मला नेहमी लांबरुंद दिसतो,
जवळ गेलं की बोळ निघतो.

अकराव्या कॉइलवर पाणी प्यायला उठलो.
परत आलो तर वाटीवर कोंबडी.
तीस वेढे गिळून
मान वाकडी करून माझ्याकडे बघत होती.

मी वाटी भिंतीवर मारली.
रागही असाच येतो मला, दार न वाजवता.
डोमाजी बिडी विझवून बाहेर जाऊन उभे राहिले.

त्रिवेणी काही बोलली नाही.
भंगाराच्या डब्यातून मूठभर वायसर काढले,
तारेत ओवले, तार दोन खिळ्यांना ताणून बांधली.
"दहा झाले का एक सरकव.
कोंबडी लोखंड नाही खात."
खाली भिंतीवर खडूने लिहिलं :
कोनी हाक मारली तर आधी वायसर, मंग ओ.

बारा. तेरा. मध्ये वीज गेली, आली.
वायसर जिथल्या तिथे.
मी गेलो होतो कुठेतरी, तो गेला नव्हता.

साडेनऊला मोटार चालली.
संध्याकाळ कधीच होऊन गेली होती,
तरी डोमाजी मोटार सायकलला बांधून गेले, अंधारात.
घरी वनमालेनं विचारलं, "पैसे?"
मी खिसा चाचपला, उगाच.

सकाळी दुकान उघडलं.
टेबलावर त्रिवेणीची वही, उघडी.
पहिल्या पानावर तारीख,
तारखेखाली पट्टीने मारलेली एक रेघ,
बाकी काही नाही.

तारीख आदल्या महिन्याची होती.
मी खडूने भिंतीवर एवढंच लिहिलं : वही उघडली.
आणि एक वायसर सरकवला.