नळीतली हवा

सायकल सेकंडहँड. भांडुपचा परीक्षित,
जर्मनीला निघालेला. हेल्मेट फुकट दिलं,
पंपाचे मात्र मोजून साडेसातशे घेतले.
"हा टायरचा नाही हं," म्हणाला,
"टायरला लावलात तर संध्याकाळ होईल."

त्याचं वजन ब्याण्णव.
माझं रात्रपाळी संपताना वॉर्डातल्या काट्यावर घेतलं,
बूट, सॅक, भरलेली बाटली, डोक्यावर हेल्मेट:
एकसष्ट.
कुणी बघत नाही असं वाटलं होतं.
आठ नंबरचे कासार मास्तर टक्क जागे.
"सिस्टर, कुठल्या लढाईला?"
आरेला, म्हटलं. झोपा.

त्या रविवारी तबेल्यामागच्या उतारावर, मुळांवरून,
तिनं मला फेकलं नाही इतकंच.
ब्याण्णव किलोंच्या भरवशावर फुगलेली ती,
माझं बसणं तिच्या गावीच नव्हतं.
दातांवर दात. कोपरांत मुंग्या.
जिभेची कड चावली गेली, ती बुधवारपर्यंत तिखटाला भीत होती.

मरोळ गावठाणात, क्रुसामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये
व्हॅलेरियन. चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेची.
त्यानं फोर्कवरची टोपी काढली, पंपाचं तोंड हलकेच फिरवलं,
हाताला जड लागलं तसा अजून एक वेढा.
काटा उठला. एकशे तीन.
"म्हणजे एकशे आठ व्हती. पाच नळीनं खाल्ली."

मोजायला गेलं की थोडं इकडं तिकडं होतंच.
मी दंडाला पट्टा गुंडाळते
आणि माणूस नुसत्या गुंडाळण्यानं वीसनं चढतो.

बारीक बटण. फुस्स.
थांबून, पुन्हा फुस्स.
परीक्षितच्या गॅलरीतली गेल्या वर्षीची हवा
शेजारच्या घरातल्या सुकटीच्या वासात मिसळून गेली.
अडुसष्ट.
त्यानं हँडल धरून फोर्क चारदा दाबला,
काळी रबरी रिंग बोटानं खाली सारली.
"आता बस. उडी नको. कोपर भिंतीला टेकव.
आन् उतरताना मांजरीवानी उतर."

बसले. उतरले.
रिंग वर सरकून थांबलेली.
त्यानं स्टीलची पट्टी लावली. एकशे वीसमधले तीस.
"पाव. बास."

अजून निघालेसुद्धा नाही
आणि चौथा हिस्सा दबूनच गेला?

तो हसला नाही.
स्क्रूड्रायव्हरनं धुळीत रस्ता काढला, रस्त्यात खड्डा.
"दगड आला तर चाक वर जाणार, ते सगल्यांना कळतं.
खड्डा आला तर? खाली जायला बी जागा लागते, बाय.
फुगून बसलं तर वरच्यावर उडेल,
जमिनीला लागणारच नाय."

मग त्यानं पंप सोडवला
आणि ती केवढ्यांदा फुसकारली!
माझा अंगठा आपोआप व्हॉल्ववर,
सुई निघाल्यावर शिरेवर ठेवते तसा.
सगळं गेलं, मेहनत गेली, अडुसष्ट गेले.
"नळीतली हवा ती," व्हॅलेरियन म्हणाला.
"शॉकातली शॉकातच हाय."

आणि मी, अकरा वर्षं
काचेपलीकडून धावत येणाऱ्या नातेवाइकांना
हेच सांगत आलेली:
मशीन वाजतंय हो,
पेशंटला काही नाही.

पुढच्या रविवारी पुन्हा तोच उतार.
मुळं होतीच, तिथंच होती.
चाक एकेका मुळावर चढत होतं, पलीकडे उतरत होतं,
म्हशी रवंथ करत बघत होत्या.
शेवटच्या वळणानंतर लक्षात आलं,
मी श्वास घेतेय.

घरी येऊन ओल्या फडक्यानं चिखल पुसला.
पट्टी लावली. रिंग एकशे चारवर.
म्हणजे सकाळी केव्हातरी
इतक्या खोल जाऊन वर आले होते.
कुठल्या खड्ड्यात, ते काही केल्या आठवेना.

रिंग पुन्हा खाली सारली.
तीनला रात्रपाळीचा डबा भरायला घेतला.