कीबोर्डमधला भुसा

सत्तावीस वर्षं मी या खोलीत
सुतारकाम शिकवलं.
आता दारावर नवी पाटी आहे:
प्रोग्रामिंग आणि डिजिटल माध्यमं,
ऐच्छिक, तिसरा तास.

रंधे, पटाश्या, गुण्ये लिलावात गेले.
मोठं करवतयंत्र डलुथच्या कुणीतरी नेलं,
त्याच्या बोल्टांची चार भोकं फरशीत राहिली.
प्रिंटरचं टेबल त्यांच्यावर डगमगतं.
पाचर मारायला हवी.
पाचरी कुठून आणू?

मुख्याध्यापक बाई म्हणाल्या, मिस्टर केस्की,
हे शिकवा, नाहीतर लवकर निवृत्त व्हा.
म्हणून मी मुलांच्या एक धडा पुढे असतो.
एकच.
रविवारी रात्री स्वयंपाकघरात पुस्तक उघडून बसतो.
बायको विचारते, कुठवर आलात?
लूपपर्यंत.
आणि पुढे?
पुढे परत लूपच.

चौदा मुलांनी फॉर्मवर खूण केली.
सहा जणांना बँड नको होता,
दोघांना बेकिंगच्या वर्गात जागा मिळाली नाही,
ओडेट लाफ्राम्बोजला व्हिडिओ कापायचे होते.
बाकीच्यांचं विचारू नका.

मी आयुष्यभर सांगत आलो:
दोनदा मोजा, एकदा कापा.
इथे वाटेल तितक्यांदा कापा,
कंट्रोल दाबा, झेड दाबा,
ओंडका पुन्हा अख्खा.
मला ते अजून पचत नाही.
मी माझं उजवं अर्धं बोट वर धरतो,
पट्टाकरवत, चौऱ्याण्णव सालचा मार्च,
आणि म्हणतो, याला झेड नव्हता.
मुलं हसतात. मग हसत नाहीत.

ओडेटनं गोठलेल्या सरोवरावर
चाळीस मिनिटं आवाज टिपला.
आणून दाखवली ती पन्नास सेकंद:
खालून कुठूनतरी एक लांब कण्हणं,
मग बंदुकीसारखा कडाका,
मग नुसतं वारं.
काय काय टाकून दिलंस? मी विचारलं.
माणसं, ती म्हणाली.
सगळे बर्फाबद्दलच बोलत होते,
मग म्हटलं, बर्फालाच बोलू द्यावं.
मी वहीत तिच्या नावापुढे अ लिहिला,
आणि बराच वेळ पेन तिथेच ठेवलं.

सोरेन टॉफ्ट मागच्या रांगेत बसतो,
डोक्यावरची टोपी कधी उतरत नाही.
गृहपाठ होता: घरातला एखादा नियम
यंत्राला समजेल असा लिहा.
बहुतेकांनी भांडी घासायची पाळी लिहिली.
त्यानं लिहिलं:

जर आईची गाडी अंगणात असेल
    तर बूट बाहेरच काढ
    दूध थंडच पी, मायक्रोवेव्ह शिटी मारतो
    तिसरी पायरी वगळ
नाहीतर
    सगळे दिवे लाव
पुन्हा तपास

चालवून पाहिलं तर पडदा भरतच गेला,
बूट, दूध, पायरी,
बूट, दूध, पायरी,
थांबेचना.
मी खुर्ची ओढून बसलो, म्हटलं,
बाळा, थांबायची अट राहिली.
हे कधी संपायचं, ते यंत्राला सांगावं लागतं.
तो पडद्याकडेच बघत म्हणाला,
रात्रपाळी कधी संपणार
ते तिलाही कुणी सांगत नाही.

माझ्या एका धड्याच्या आघाडीत
याचं उत्तर नव्हतं.
दोघांनी मिळून वायर ओढून ते बंद केलं.

काल त्याच्या कीबोर्डची एक कळ अडकली.
मी तो उलटा केला, टेबलावर हलकेच ठोकला.
चिमूटभर भुसा पडला.
बोटानं उचलून नाकाशी धरला:
मेपल.
बहुतेक पक्ष्यांच्या घरट्यांची ती शेवटची बॅच,
जिच्यातली निम्मी वाकडी होती
आणि तरी पक्षी आले होते.

हे काय आहे? सोरेननं विचारलं.
मागची आवृत्ती, मी म्हटलं.

तो हसला की नाही, टोपीमुळे दिसलं नाही.
पण त्यानं फुंकर मारली नाही,
तळहातानं भुसा गोळा केला,
इकडेतिकडे पाहिलं
आणि जाकिटाच्या खिशात टाकला.