कधीतरी

कर्वे रोडला, झेरॉक्सच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्याला
फॉर्म दिला भरायला.
वय : चौसष्ट. काम : टूलरूम, मुंढवा. आता रिटायर.
मद्यपान : नाही / कधीतरी / नियमित.
मी 'कधीतरी'वर टिक केली
आणि पेन शेजारच्याला दिलं.
त्यानंही तिथंच केली.
सगळी खोली कधीतरीवाल्यांची,
मांडीवर पाण्याच्या बाटल्या,
लघवी लागायची वाट बघत
एकमेकांकडं न बघता बसलेली.

डॉक्टर माझ्या धाकटीच्या वयाची.
'काका, किती घेता?'
म्हटलं, शुक्रवारी. दोन.
'दोन म्हणजे?'

आता आली का पंचाईत.
अडतीस वर्षं मी थाऊत मोजलं.
दोन थाऊ इकडचं तिकडं झालं तर जॉब भंगारात,
ॲप्रेंटिस पोरं रडकुंडीला यायची, सोडलं नाही.
आणि पूलगेटमागच्या परमिट रूममध्ये
विलास वेटर ओतेल ते माप.
दोन म्हणजे तुपे उठेपर्यंत.
दोन म्हणजे पगाराच्या आठवड्यात चार,
युनियनचं फिसकटलं त्या वर्षी
कोण मोजतंय.

ती म्हणाली, ग्रंथी असते अक्रोडाएवढी.
आमच्या घरात अक्रोड कधी आला नाही,
मी मनात सुपारी धरली.
तुमची लिंबाएवढी झालीय, म्हणाली.
आणि रक्तातला आकडा : अकरा पूर्णांक चार.
चारच्या आत हवा होता.

'दारूनं झालं का?'
'झालंच असेल तर... बोट ठेवून नाही सांगता येत, काका.
घेणाऱ्यांत धोका थोडा वाढतो, असं काही अभ्यास म्हणतात,
जितकी जास्त तितका.
वय असतं, घराण्यातून येतं.
आधी बायोप्सी करू.'

मला गो, नो-गो गेज माहीत.
एक टोक आत जातं, दुसरं जात नाही,
जॉब पास.
हा 'थोडा धोका' कुठल्या भोकात घालून बघायचा?
खळदकर थेंबाला शिवला नाही आयुष्यात,
आम्ही चकणा खायला बोलवायचो त्याला,
गेला गेल्या दिवाळीआधी, ह्याच दुखण्यानं.
आणि दस्तगीर, रोजचा,
परवा तळजाईवर माझ्यापुढं चालत होता.
हे दोघं मी डॉक्टरला सांगितले नाहीत.
मंदाला सांगितले, रिक्षात.
ती काही बोलली नाही.

घरी येऊन तिनं फडताळातले डबे खाली काढले.
डब्यांखाली जुनी कॅलेंडरं अंथरलेली,
तेलकट, एकावर एक, वर्षावर वर्ष.
चौकटीत वर दुधाचं लिटर,
मध्ये कुठं सिलिंडर, कुठं धाकटीचा ताप,
आणि खाली कोपऱ्यात पेन्सिलीचं टिंब.
ही टिंबं मी दुधाचीच समजायचो.
'दुधाचं वर आहे. खालचं तुमचं.
एक टिंब म्हणजे आलात.
दोन म्हणजे आणावं लागलं.'

चष्मा लावला. मग चष्म्यावर भिंगही.
शुक्रवारी होतीच.
सोमवारी होती. संकष्टीच्या गणपतीखाली होती.
ज्या महिन्यात मी सोडली होती, असं मी सगळ्यांना सांगतो,
त्या महिन्यात सात.
एका जागी कागद खोडून खोडून फाटलेला.
विचारलं, इथं किती होती?
म्हणाली, डबे पुसून ठेवा आता जागेवर.

रात्री तिसऱ्यांदा उठलो.
उभा राहिलो. थेंब, थांब, थेंब.
टाकीत पाणी भरायचा आवाज माझ्यापेक्षा जोरात.
अंधारातून तिनं विचारलं, 'झाली का?'
'होतेय.'
नवरा-बायको म्हणून इतकं उघडं
आम्ही कधी बोललो नव्हतो.

बुधवारी परत तोच जिना, परत फॉर्म.
वय लिहिलं. नाव लिहिलं, पूर्ण.
त्या ओळीपाशी आलो
आणि कागद मंदाकडं सरकवला.
तिनं आधी फोन नंबर दुरुस्त केला,
मी जुना लिहिला होता.
मग पेन नको म्हणाली,
पिशवीत हात घालून
पेन्सिल शोधायला लागली.