इतर, असल्यास

मंगळवारी गरोदर बायकांची ओपीडी.
माझ्या कार्डावर तंबाखूला चौकट आहे, मशेरीला आहे,
दारूलाही.
खाली एक ओळ मोकळी : इतर, असल्यास.
ती मी बरीच वर्षं रेघ मारून संपवायचे.

हर्षला मढवी, बारावा आठवडा,
राहणार दिवा कोळीवाडा, ऐरोली.
वजन दोन किलोंनी उतरलेलं.
सासू बाहेर बाकावर, मांडीवर केशरी पिशवी,
कान आत.
म्हटलं, दार लोटून घे. पंखा मोठा कर.

मग ती बोलली, माझ्याशी नाही, बीपीच्या पट्ट्याशी :
रात्री कुठल्याशा कंपनीचा वास सुटतो,
पोटात पाणीसुद्धा ठरत नाही.
ह्यांच्या मित्राकडची पुडी. गांजाची. दोन झुरके,
की भाताचे चार घास आत राहतात.
झाडच आहे ना, ताई?

कण्हेरही झाडच आहे,
हे माझ्या जिभेवर तयार होतं.
असंच एकदा हेमांगीला सुनावलं होतं,
भरल्या ओपीडीत, लाज नाही वाटत, इथपर्यंत.
तिचं कार्ड अजून माझ्या खणात,
पुढच्या सगळ्या तारखा कोऱ्या.
बाळ कुठे झालं, किती भरलं,
विचारायला मी वाटच ठेवली नव्हती.

म्हणून कण्हेर गिळली.
म्हटलं, बरं वाटत असेल, खोटं नाही तुझं.
पण ते तुझ्यापाशी थांबत नाही गं,
नाळेतून बाळापर्यंत उतरतं.
बाळं कमी वजनाची होतात, असं दिसलंय.
सगळं काही आम्हालाही कळलेलं नाही.
कळलेलं नाही म्हणजे चालतं, असं नाही.

मळमळीवर गोळी आहे, डॉक्टर आज लिहून देतील.
उठण्याआधी कोरडा टोस्ट.
आणि एकदम सुटलं नाही, तरी ये.
ज्या आठवड्यात ओढलीस
त्या आठवड्यात तर नक्की ये.

पोलिसांना कळवाल?
नाही.
आणि... तिने दाराकडे पाहिलं.
त्यांना तर नाहीच.

कार्ड त्या केशरी पिशवीत जाणार.
मी ओळ मोकळीच सोडली,
कडेला पेन्सिलीचं एक टिंब,
माझ्यापुरतं.

बाहेर सासूने विचारलं,
एवढा वेळ काय सांगत होतात?
म्हटलं, टोस्ट.