क्लोनाव्हेलच्या दोन जागा

किल्ली माझ्याकडे असते, म्हणून विचारणारे माझ्याच दारी येतात.
गेल्या वर्षी दोघे आले,
त्यातल्या एकाला नुसता आडोसा हवा होता.
बाजारघराची कमान अजून उभी आहे,
वरच्या खोलीत कावळ्यांनी आणलेल्या काटक्या,
आणि पेटीत, मेणकापडात गुंडाळलेली ही वही.

सोळाशे तेराच्या सनदेने
आमच्या अठ्ठावीस चुलींना शहर म्हटलं.
नदीवर पूल नव्हता, वेस नव्हती, वैद्य नव्हता,
पण डब्लिनच्या संसदेत आमच्या दोन खुर्च्या होत्या.
त्यांवर बसणाऱ्याने क्लोनाव्हेल पाहिलेलं असावं
असं सनदेत कुठेच नव्हतं.

मतदार तेरा.
अकरा जण दूर शहरातच राहायचे,
बारावा लॉर्ड गार्सडेलचा मेहुणा,
तेरावा वारला होता, पण सही करायचा.

टोबायस क्रॅनवेल, कॅप्टन.
पुढच्या खेपेला त्याचा जावई.
मग जावयाचा सावकार, कर्जाच्या फेडीत.
ऑगस्टीन पेलिसर: याने एकाच पत्रात
गावाचं नाव दोनदा लिहिलं, दोन्हीदा वेगळं चुकवलं.
सतराशे सत्तावीसला निवडलेले दोघे
तेहेतीस वर्षं बसून राहिले,
कारण राजा मेल्याशिवाय संसद उठत नसे.
एक त्यात ठार बहिरा झाला.
कामकाजात फरक पडल्याची नोंद नाही.

आमची माणसं रानात, दगडापुढे, चोरून प्रार्थना म्हणायची.
ती या यादीत नाहीत.
दंडाच्या यादीत आहेत, पानंच्या पानं,
आणि तिथे मात्र स्पेलिंग बिनचूक.

मग आलं अठराशे साल. संसदच मोडीत निघाली.
दोन खुर्च्यांची भरपाई पंधरा हजार पौंड.
मोडलं गावाचं, भरून निघाले लॉर्डसाहेब.
त्या पैशांतून त्यांनी संत्र्यांच्या झाडांसाठी काचेचं घर बांधलं.
आमच्यातल्या एका पोराने एक संत्रं पळवलं,
सोलायचं असतं हे ठाऊक नसल्यामुळे
सालासकट खाल्लं आणि म्हणाला, कडू आहे.

सगळं बंद झालं, हे फक्त लॉखलिन मॅकगोर्टीला कुणी कळवलं नाही.
तो घंटेवाला. वर्षाला दोन शिलिंग.
निवडीच्या दिवशी घंटा वाजवायची, दार उघडायचं,
आणि स्वतः बाहेर उभं राहायचं.
एकोणतीस सप्टेंबरला त्याने नेहमीसारखी घंटा वाजवली.
कोणी आलं नाही.
पुढच्या वर्षी पुन्हा वाजवली.
तेव्हा डर्व्हला हाइन्स कोंबडीखाली अंडी ठेवायचं सोडून आली
आणि म्हणाली, एवढा वाजवतोयस तर
विहिरीचा दोर कुजलाय, तेवढं लिही.

इथून वहीतलं अक्षर बदलतं.
शाई पातळ, ओळी उतरत्या.
हजर एकेचाळीस, बायका धरून.
निवडून दिले: डर्व्हला आणि लंगडा फिनटन.
काम: कारभाऱ्याकडे जाऊन दोर मागणे.
खाली, दुसऱ्या दिवशीची ओळ: दिला नाही. पुन्हा जावे.
त्याखाली: दिला.

अठराशे अकरा. नदीच्या उतारात एकोणीस दगड टाकणे.
अठराशे एकोणीस. सातवा दगड डुगडुगतो. पाहावे.
अठराशे चोवीस. सातवा दगड.
लॉखलिन गेल्यावर त्याच्या मुलीचं अक्षर, टोकदार, घाईतलं.
शेवटची नोंद अठराशे सेहेचाळीसची.
हजर: चार.
ठराव:
आणि पुढे कागद.

ती नोंद मी कुणाला वाचून दाखवत नाही.
त्या आडोशाला आलेल्या माणसाने
ओली टोपी पिळत, उगाच काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं,
इथले प्रतिनिधी कोण होते?
पेटी उघडायला मी वाकलेसुद्धा.
मग म्हटलं, पाऊस थांबू दे,
नदीवरून पलीकडे जा, दगड आहेत.
सातव्यावर जरा जपून.